हाव म्हणजे हो

पायात पांढरे बूट, डोक्यावर शाळेच्या सहलीत लेकरांना घालतात तसली पिवळी टोपी आणि गळ्यात दोरीला लटकवलेलं कार्ड. अशा सोंगात मी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी माझ्याच माहेरच्या गावात पर्यटक म्हणून शिरले. वेशीतल्या कुत्र्यानंसुद्धा ओळखलं नाही. त्याच्या खापरपणज्यानं ओळखलं असतं, पण तो आता कुठला असायला.

ही सगळी करणी नातीची. ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी आली की कुठं चालायला जायचं ते फोनवर शोधत बसते. आमच्या वेळी चालावं लागत नसलं की त्याला सुट्टी म्हणायचे. तर तिला एक जाहिरात दिसली: दोन जुने कादंबरीकार, तीन दिवस, लातूर आणि नांदेडकडची त्यांची शिवारं, सोबत माहितगार गाईड, रोज सात-आठ किलोमीटर चालणं आणि दुपारी गावरान जेवण. नांदेडला माझ्याकडे येऊन तिनं फोन नाचवला. "आज्जी, तुझं गाव आहे यात! तुमच्या घरी राहिलेला लेखक!"

तिला एवढंच ठाऊक होतं. आमच्या ओसरीवरच्या खोलीत एक लेखक दोन वर्षं राहिला, मला शब्द विचारायचा, आणि त्यातून झालेली कादंबरी महाराष्ट्रभर गाजली. हा अर्धा भाग मी पंचावन्न वर्षं लई चवीनं सांगत आले. उरलेला अर्धा कुणालाच सांगितला नाही. नवऱ्याला तर नाहीच.

तो उरलेला अर्धा माझ्या आत्याचा. वडिलांची धाकटी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, नवऱ्यानं टाकलेली म्हणून आमच्याकडेच राहायची. त्या कादंबरीतली बाई म्हणजे हीच, असं गावानं ठरवलं आणि तिचं जिणं हराम केलं. ती बाई आत्या नव्हती, मी होते. आणि घरातल्या गोष्टी लेखकाला पुरवणारीही मीच. हे एक वाक्य मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. आत्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. मी माहेरी गेले की ती आतल्या खोलीत जायची आणि मी परत निघेपर्यंत बाहेर यायची नाही. पुढं वडील गेले, भाऊ गेला, माझं जाणंच सुटलं. आता घरात भावाचा मुलगा आणि सून आहेत, आणि पंच्याऐंशीची आत्या.

नात म्हणाली, "दुसऱ्या दिवशीचं जेवण तुमच्याच घरी आहे. आणि कादंबरीतली बाई म्हणून तिथल्या आजीबाईंना भेटवतात." मी म्हटलं, बरं झालं. बघायला आलेल्या लोकांसमोरून तर ती आत जाणार नाही. त्या घोळक्यात उभं राहून का होईना, पण ते वाक्य तिच्यासमोर बोलायचं. एवढ्यासाठी मी ती टोपी घातली. चालायची हौस वगैरे नातीचा समज.

पहिला दिवस लातूरजवळच्या मुरुडच्या बाजूचा. तिकडच्या कादंबरीकाराशी माझं काही नातं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी मी खुशीत होते. आम्ही चौदा जण. गाईड चाळिशीचा, दाढी राखलेला, गालाला चिकटवलेल्या मायक्रोफोनमधून बोलणारा. तुरीच्या शेतातून आमची रांग चालली की राखणीला बसलेला माणूस मचाणावर उठून उभा राहायचा. त्याला वाटायचं, मतं मागायला आले. एका बाईंनी तुरीच्या पिवळ्या फुलांचा फोटो काढून "किती छान रानफुलं" म्हटलं, मी त्यांना सांगितलं नाही की तुम्ही रोज हेच वरण म्हणून खाता. गाईड म्हणाला, "या काळ्या मातीनं लेखकाला घडवलं." पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या कडेनं चालत होतो. त्या मातीनं माझ्या बुटांना एकेक किलोचं घडवून ठेवलं होतं.

नात म्हणाली, "आज्जी, तू किती मजेत आहेस!"

होते खरी. माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून जसा जास्त गप्पा मारतो, तसं.

आमच्या लेखकाबद्दल आता सांगते. तो पुण्याकडचा, गावच्या शाळेत मास्तर म्हणून आला. वडील गावचे पाटील, म्हणून ओसरीवरची खोली त्यांनी त्याला दिली. वय तिशीचं, अंगानं काडी, डोळ्याला जाड भिंग, टाचांना भेगा. असल्या माणसासाठी मी तोंडाला पावडर लावायची. अठरा वर्षांची होते. मॅट्रिक झालेली गावातली पहिली मुलगी, आणि ते माझ्या चालण्यात दिसायचं. दोन वेण्यांतली एक पुढं टाकून फिरायची, कारण कुठल्याशा मासिकात तसं चित्र होतं. वाण्याकडून साखर आली की पुडी सोडवून तो कागद सपाट करायचा आणि त्यावर छापलेलं वाचत ओसरीवर बसायचं, मधून मधून तो बघतोय का ते बघत. अर्धवट कागद तो, कुठल्या तरी निविदेची सूचना असायची. मी ती अशी वाचायची की जणू माझ्यासाठी आलेलं पत्र.

त्याला शब्द पाहिजे असायचे. "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. रुमालाला दस्ती, 'कशाला'ला कामून. मग मीच एका दोनशेपानी वहीत त्याला शब्द लिहून द्यायला लागले, समासाला लाल रेघ मारून. शब्द संपले तेव्हा गावातल्या गोष्टी दिल्या. गावातल्या संपल्या तेव्हा घरातल्या. तो वहीतून मान वर करायचा आणि म्हणायचा, "अजून?" त्या एका "अजून"साठी मी घर विकलं असतं. विकलंच.

आत्यानं ती गोष्ट मला डाळ निवडताना हसत हसत सांगितली होती. बाजारच्या दिवशी गावात बांगड्या घेऊन एक कासार यायचा. त्यानं एकदा आमच्या दारात बसून तिच्या हातात बांगड्या चढवताना विचारलं, "येतीस का माझ्यासंगं?" आणि ही म्हणाली, "हाव." मी डोळे मोठे करून विचारलं, मग गेली का नाहीस? तर म्हणाली, "तव्यावर भाकर व्हती. टाकून कशी जाऊ?" आणि आम्ही दोघी सुपातली डाळ सांडेपर्यंत हसलो. यापलीकडे त्या गोष्टीत काही नव्हतं. बाई कुठंही गेली नव्हती.

ती मी लेखकाला दिली.

आता आमच्याकडे हाव म्हणजे हो. चहा घेतोस का, हाव. शेतात गेलता का, हाव. दिवसातून शंभरदा म्हणायचा शब्द. म्हणूनच तो वहीत लिहायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुण्याकडे मात्र हाव म्हणजे हावरटपणा. त्यानं पेन थांबवलं आणि विचारलं, "हाव? म्हणजे तिच्या मनात लालसा होती, असं म्हणायचंय तुला?"

लालसा हा शब्द मी तोवर फक्त छापलेला बघितला होता. त्याचं म्हणणं मला कळलं नाही. पण तो त्या भिंगांतून माझ्याकडे बघत होता, आणि तो जे विचारील त्याला होच म्हणायचं हे मी आधीच ठरवून बसले होते. मी वेणी पुढं घेतली आणि म्हणाले, "हाव."

तो इतका खूश झाला. त्यानं त्या शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

त्याची बदली झाली आणि वर्षाभरानं पुस्तक आलं. पाटलाच्या घरातली एक बाई, कासार तिला विचारतो, "तुला काय पाहिजे?" आणि ती म्हणते, "हाव." मग भाकर तव्यावर तशीच जळत ठेवून त्याच्या मागं चालायला लागते, आणि शेवटच्या पानावर विहीर जवळ करते. घटना आत्याची, मोडून-तोडून घेतलेली. पण बाई मी. पावडर माझी, वेणी माझी, पुडीचा कागद वाचणं माझं. आत्याला अक्षरसुद्धा येत नव्हतं. पहिल्या दहा पानांतच मी स्वतःला ओळखलं आणि, लपवून काय करू, मला आनंद झाला. दोन दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत. दिसते कशी मी छापल्यावर, म्हणून तीच पानं परत परत वाचत होते.

पुण्याच्या विद्वानांनी त्या "हाव"वर लेख लिहिले. स्त्रीची आदिम भूक, कोरड्या मुलखाची तहान, असलं बरंच. आमच्या गावाला लेख लागला नाही. शाळेतल्या नव्या मास्तरानं ते पुस्तक पारावर वाचून दाखवलं आणि गावाला तो शब्द बरोबर कळला. पुण्यात ती बाई लोभी ठरली, गावात कुणी विचारलं तरी हो म्हणणारी ठरली. आत्याला नाव पडलं, हाववाली. गिरणीत, पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत. ती रस्त्यानं निघाली की मागून एक जण ओरडायचा, "येतीस का?" आणि दुसरा बाईचा आवाज काढून म्हणायचा, "हाव!"

एकदा जेवताना आबांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, "घरातल्या गोष्टी त्या मास्तराला कुणी सांगितल्या?" आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या ताटातल्या वरणाकडे बघितलं. माझं लग्न ठरत आलं होतं, मुलगा नांदेडचा, सरकारी नोकरीतला. वडील उत्तरासाठी थांबले नाहीत. आत्याला म्हणाले, "तुला लाज कशी वाटली न्हाई?" तिनं हातातली भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही, आणि दोन महिन्यांनी मी हिरवा शालू नेसून, बँड लावून, नांदेडला गेले.

दुसऱ्या दिवशी आमची मिनीबस लोह्याच्या अलीकडं उभी राहिली आणि तिथून गावापर्यंत पायी. रस्ता मला पाठ होता, पण मी घोळक्याच्या शेवटी चालले. आमच्याच शेताच्या बांधावर गाईडनं एका दगडापाशी सगळ्यांना थांबवलं. "याच दगडावर बसून लेखकानं कादंबरीची पहिली ओळ लिहिली."

मला राहवेना. "ह्या दगडावर?"

"हो आजी."

"ह्या दगडावर बसून त्यानं पायातला काटा काढला. आणि परत शेतात पाय ठेवला नाही. लिहायचा तो ओसरीवर, कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून. कुत्र्यांना इतका भ्यायचा की शाळेतसुद्धा गड्याबरोबर जायचा. तुम्ही ज्याच्या पाऊलवाटेनं आम्हाला चालवून राहिलात ना, तो चालतच नव्हता."

सगळे हसले. गाईडही हसला, मग एकदम सावध झाला. "म्हणजे तुम्ही त्यांना पाहिलंय?"

"आज्जीच्याच घरी राहायचे ते!" नात म्हणाली. झालं. लोक दगड सोडून माझे फोटो काढायला लागले. मी वेडीवाकडी तोंडं केली, पण आतून मला बरं वाटत होतं, हेही सांगते. अठरा वर्षांची ती टवळी अजून मेली नाही.

मग विहीर आली. ही विहीर कादंबरीतली. खरी आत्या तिच्या पायऱ्यांवर धुणं धुवायची, त्यापलीकडे तिचा आणि विहिरीचा संबंध नाही. गाईडनं पुस्तक उघडलं, आवाज खाली आणला, तो प्रसंग वाचला. वाचून झाल्यावर डोळे मिटून म्हणाला, "दोन अक्षरं. हाव! लेखकानं या मातीची सगळी भूक दोन अक्षरांत पकडली."

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. "सर, हाव म्हणजे हो."

"अं?"

"आमच्याकडं हाव म्हणजे हो. तुम्हाला आता चहा पाहिजे का असं विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? तेवढंच ते."

घोळक्यात एक निवृत्त प्राध्यापक होते, ते मला समजावून सांगायला लागले. "आजी, तुम्ही म्हणता तो बोलीतला अर्थ. कलाकृतीतला अर्थ निराळा असतो."

"असंल. पण ती बोलली बोलीतच होती."

"छान माहिती मिळाली," गाईड म्हणाला. "चला, पुढं निघू, जेवण गार होतंय."

नातीनं माझा दंड धरला. "आज्जी, सगळ्यांचा मूड का घालवतेस? आणि एवढा मोठा लेखक, त्यांना साधा अर्थ ठाऊक नसेल? लालसा वगैरे त्यांना कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

गावात शिरेपर्यंतचा रस्ता मी तिला उरलेला अर्धा भाग सांगितला. तिनं माझा दंड सोडला नाही, पण हात ढिला पडला ते मला कळलं.

घराला बाहेरून नवा रंग होता आणि दारावर फलक, लेखकाचं निवासस्थान. माझ्या वडिलांनी ते घर बांधलं, त्यांचं नाव कुठं नव्हतं. भाचेसुनेनं मला टोपीत बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी तिला खुणेनं गप केलं.

आत्या ओसरीवर बाजेवर बसली होती. अंग सुपारीएवढं झालेलं, लुगडं स्वच्छ, हात मांडीवर. गाईड आवाज दाबून म्हणाला, "याच त्या. फार बोलत नाहीत. प्रश्न विचारू नका, फोटो चालतील." लोकांनी फोटो काढले. न्हाव्यापुढं लेकरू बसतं तशी ती बसून राहिली, संपायची वाट बघत. रानफुलंवाल्या बाई तिच्याशेजारी बाजेवर टेकल्या, फोन लांब धरला आणि लाडानं म्हणाल्या, "आजी, एकदा हाव म्हणा ना!"

आत्या म्हणाली, "जेवून घ्या. थंड व्हायलंय."

मी पुढं झाले. टोपी काढली. "आत्या, मी आलेय."

"दिसलं," ती म्हणाली. "बसा. लांबून चालून आलात. पाय दुखत असतील."

या बाईनं मला कडेवर घेऊन वाढवलं. "पोरी" आणि "गं" याशिवाय तिच्या तोंडून मी दुसरं ऐकलं नव्हतं. तिनं मला अहो-जाहो केलं. शिवी दिली असती तर मी तिच्या गळ्यात पडले असते. ह्या "बसा"वर मला कुठं पडताच येईना. मी उभीच राहिले.

"मला एक सांगायचंय."

"सांगा."

नात, गाईड, प्राध्यापक, सगळे उभे. मी आत्याकडेच बघून बोलले. "त्या पुस्तकातली बाई मी होते. वेणी माझी, पुडीचा कागद माझा. तुझी गोष्ट मास्तराला मी सांगितली. आबांनी विचारलं तेव्हा मी गप बसले."

बोलले एकदाचं. पंचावन्न वर्षं ते वाक्य मी मनात घोळवत होते, आणि बोलायला घोटभर पाण्याएवढा वेळ लागला. तेवढ्यात माझ्या कानापाशी गाईड. त्यानं फोन पुढं धरला होता, चेहरा नुसता उजळलेला. "आजी, हे परत एकदा सांगाल? जरा उजेडाकडं तोंड करून."

नातीनं त्याला काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण तो मागं सरला आणि लोकांना परसातली चूल दाखवायला घेऊन गेला.

आत्या म्हणाली, "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"पुस्तक आलं तवापासून. मास्तर पारावर वाचत व्हता, मी भिंतीआड उभी व्हते. पुडीचा कागद मी कवा वाचला गं?"

एक "गं" निसटला. मी तो धरायला गेले. "मग तू बोलली का नाहीस?"

"मी कामून बोलू? तुमचं व्हतं, तुमी बोलायचं." ती परत "तुमी"वर गेली होती. "लगीन होऊस्तोवर मीच म्हणलं, नको बोलायला. लगीन झालं. पहिल्या दिवाळीला आलात, मला वाटलं आता बोलताल. लेकरू घेऊन आलात, वाटलं आता. दादा गेला तवा आलात." दादा म्हणजे माझे वडील, तिचा भाऊ. "तवा तर लई वाटलं."

"पण तू तर मला बघून आत जायचीस. तोंड बघायची नाहीस."

"आत जायचे. दार उघडं ठिवायचे. तुमी आत यायचं व्हतं."

ते दार माझ्या डोळ्यांपुढं आलं. खरंच उघडं असायचं. पावणेदोनशे वेळा त्याच्यापुढून मी स्वयंपाकघरात गेले असेन, मान खाली घालून. मनात म्हणायची, केवढी ही अढी, केवढा ताठा.

"माफ कर म्हणायला आलेय," मी म्हटलं.

"मला सांगून काय करून राहिल्या? मला तर ठावंच व्हतं. ज्यायनं नाव ठिवलं त्यांला सांगा. पार तिथंच हाय." आणि मग सुनेला हाक मारून म्हणाली, "पाव्हण्यांची पानं मांड."

मी तशीच निघाले. नात मागून पळत आली, "आज्जी, अगं आत्ता? कुणाला सांगणार तू?" मलाही ठाऊक नव्हतं. पारावर तीन म्हातारे उन्हाला बसले होते आणि एक चाळिशीचा माणूस, ग्रामपंचायतीतला, फोनवर बोलत. म्हाताऱ्यांतला एक माझ्या वर्गातला. "येतीस का?" असं पहिल्यांदा ओरडणारा हाच. आता दात नव्हते, पण डोळे तेच.

"पाटलाची ल्येक न्हवं का तू?" तो म्हणाला. "लई दिसानं."

मी बसले नाही. मोठ्यानं, पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुस्तकातली बाई माझी आत्या नव्हती. ती मी. तिनं काहीही केलं नव्हतं. तुम्ही तिला उगं नाव ठेवलं.

ग्रामपंचायतीतला माणूस फोन बंद करून उठला. "आज्जी, असलं बोलू नका. गावात पाव्हणे यायलेत. फलक लागलाय, पेपरात आलंय. आता बाई बदलायची म्हणजे लई घोळ व्हतो."

माझा वर्गबंधू मात्र हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, तो थांबला तेव्हा म्हणाला, "ती तू व्हतीस, हे का आमाला ठावं न्हाई? वेणी पुडं टाकून कोण हिंडायचं गावात? मास्तरानं पहिलं पान वाचलं तवाच समद्यांनी वळखलं."

"समद्यांनी?"

"हाव. तुझ्या बापानं बी."

मी म्हटलं, "मग मला का नाही म्हणालात? तिला का?"

मंद पोराकडं मास्तर बघतो तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुला कोण म्हणील बाई? तुजं लगीन व्हायचं व्हतं. तिचं काय व्हायचं राहिलं व्हतं?"

दुसरे दोघं म्हातारे मान हलवत होते. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

तर मी सांभाळलेलं ते गुपित असं होतं. आत्याला ठाऊक, बापाला ठाऊक, गावाला ठाऊक. पंचावन्न वर्षं मी एकटीच ते पदराखाली धरून फिरत होते, आणि आपण केवढं ओझं वाहतो म्हणून मनातल्या मनात स्वतःची कीव करत होते. त्या कीव करण्यातसुद्धा एक वेणी पुढं टाकलेली होती. सगळ्यांनी मिळून मला वाचवलं आणि किंमत तिच्याकडून घेतली. मी तोंड उघडलं असतं तरी बहुतेक त्यांनी मला गप केलं असतं. पण ते मला कधीच कळणार नाही, कारण मी उघडलं नाही.

नात म्हणाली, "आज्जी, बसमध्ये जाऊन बसूया का? मी सांगते त्यांना, तुला बरं वाटत नाही म्हणून."

मी म्हटलं, नको.

परत गेलो तेव्हा ओसरीवर पंगत बसली होती. माहेरवाशीण घरी आली की तिचं ताट आत चुलीपाशी असतं, हे त्या घरातलं कुणीही मोडलेलं मी बघितलं नाही. माझं पान बाहेर होतं, प्राध्यापक आणि रानफुलंवाल्या बाईंच्या मध्ये, बाकीच्यांसारखीच पत्रावळ. मी आत बघितलं. चुलीपाशी काही मांडलेलं नव्हतं. मी बाहेर बसले.

भाचेसून वाढत आली आणि माझ्यापुढं घुटमळली, मला आत बोलवावं की नाही, तिला कळेना. आत्या बाजेवरून सगळं बघत होती.

"थांबलीस कामून?" ती सुनेला म्हणाली. "त्या बाईंना पिठलं वाढ. लांबून आल्यात."

तिनं वाढलं. मी जेवले.